चार नंबरवरून सात नंबरवर

४ मार्च, घरून

चि. ठकू,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी ऐकून घे.

आज सकाळी मी नेहमीसारखी डायलिसिसला गेले. थर्मास, शाल, चष्मा, पुस्तक, सगळा जामानिमा घेऊन. काउंटरवरच्या पोरीने मला बघून मान हलवली, मग कॉम्प्युटरकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आजी, तुमचं नाव दिसत नाहीये." मी म्हटलं, चष्मा लाव. म्हणाली, "लावलाय."

मी तिच्यासमोर उभी. पायात चपला आहेत, हातात पिशवी आहे, तोंड तर आहेच, साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. तरी मी नाही. माझ्या मागे तो निवृत्त ड्रायव्हर उभा होता, तोही नाही. शिवणकाम करणारी बाई, तीही नाही. काल चार नंबरचं मशीन बिघडलं म्हणून आम्हा चार नंबरवाल्यांना नव्या सात नंबरवर हलवायचं ठरलं होतं. ते काम त्या पोरीनेच काल संध्याकाळी बसून केलं. आज बघावं तर चारवर कोणी नाही, ते ठीकच, पण सातवरही कोणी नाही. आणि सात नंबर रिकामं दिसतंय म्हणून व्यवस्थापकाने प्रतीक्षायादीतली माणसं बोलावून बसवूनसुद्धा टाकली. माझ्या जागेवर एक गृहस्थ पाय पसरून घोरत होते. त्यांची काही चूक नाही, पण मला ते आवडले नाहीत.

दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, आज जागा नाही, परवा या. जशी काही मी केस कापायला आले होते.

हे सॉफ्टवेअर कोणाचं? तुझ्या कंपनीचं. गेल्या वर्षी तूच फोनवर उड्या मारत सांगितलं होतंस, "आत्या, आता तुझ्या सेंटरला आमचं सॉफ्टवेअर, तुला कसली काळजी नाही." बघ बाई. मी बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत जन्म काढला. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, एक भोंगा होता आणि एक फळा. बस उशिरा यायची, वाटेत बंद पडायची, कधी दुसऱ्याच फलाटावर लागायची. पण हरवली कधी नाही. तुम्ही माणसं हरवलीत.

मला लेखी उत्तर हवं. फोनवर तू गोड बोलून वेळ मारून नेतेस.

आत्या

(आशीर्वाद उरले नाहीत.)


५ मार्च

ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस, आणि रागावलीसच तर रक्तदाब वाढेल एवढं रागावू नकोस.

तुझं पत्र वाचल्यावर आज ऑफिसात आल्या आल्या मी पहिलं काम तेच केलं. प्रत्येक बदल कोणी केला हे आमच्या सिस्टीममध्ये आपोआप लिहिलं जातं, त्याला लॉग म्हणतात. तो उघडून पाहिला. परवा संध्याकाळी काउंटरवरून, त्या मुलीच्या लॉगिनने, चार नंबरच्या सगळ्या पेशंटांची नावं पुसली गेली आहेत. सॉफ्टवेअर स्वतःहून कोणाला पुसत नाही, आत्या. कोणीतरी पुसलं तरच पुसलं जातं. बिचारीने घाईत 'हलवा'च्या ऐवजी 'काढा' दाबलं असणार. सगळीकडे होतं असं.

तिला ओरडू नका म्हणावं, नीट शिकवा म्हणावं. मी तुमची नावं जुन्या प्रतीतून परत भरायला सांगितली आहेत, आता अडचण येणार नाही.

एक दिवस चुकला त्याने तुला त्रास नाही ना झाला? कळव.

तुझी,
ठकू


१३ मार्च, सात नंबरच्या खुर्चीवरून

चि. ठकू,

एका हाताने लिहितेय, दुसरा मशीनला बांधलाय. चुका दिसल्या तर गिळ.

मधे आठवडाभर लिहिलं नाही कारण जरा अंग कसकसत होतं. सर्दी. त्यात विशेष काही नाही, ते सोड. विशेष आहे ते इथे काउंटरवर आहे. तिथे आज व्यवस्थापक स्वतः बसलाय आणि दोन बोटांनी टाइप करतोय. पोर नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तिला घरी बसवलंय. महिनाअखेरीस कायमचा निरोप." कशाबद्दल? तर पेशंटांची नावं पुसल्याबद्दल. पुरावा काय? तर तुझं पत्र.

हो, तुझं. चूक माझीच, ठकू. तू लिहिलंस ना, ओरडू नका, शिकवा. मला वाटलं, कंपनीतल्या शिकलेल्या माणसाने पोरीची बाजू घेतली आहे, हे दाखवलं तर तो जरा नरमाईने घेईल. म्हणून मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आजी, हे मला पाठवा." मी भोळसट, पाठवलं. त्याने त्यातलं "ओरडू नका" गाळलं आणि "तिच्या लॉगिनने पुसली गेली आहेत" एवढं छापून आणलं. मग इथे, सगळे पेशंट बसलेले असताना, त्या पोरीसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. मी तेव्हा नव्हते, पण ड्रायव्हर होता. त्याने सांगितलं, ती एवढंच म्हणत होती की मी पुसलं नाही, मी हलवलं. आणि हा म्हणत होता, कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुला जास्त कळतं का.

मघाशी ती ड्रॉवरच्या किल्ल्या द्यायला आली होती. बाहेर जिन्यात गाठलं तिला. विचारलं, खरं सांग, काय दाबलंस? म्हणाली, "आजी, मी एकेक नाव उचलून चारखालून सातखाली ठेवलं, साठवा दाबलं, आणि सगळी सातखाली दिसली. मी टेक्निशियनला बोलावून दाखवलीसुद्धा. तोच म्हणाला, छान झालं, घरी जा." टेक्निशियनला मी विचारलं. त्यानेही बघितलं होतं. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं म्हणून तो मूग गिळून बसला होता.

ही पोर घरात एकटी कमावती आहे. धाकटा भाऊ शिकतोय, आई अंथरुणाला खिळली आहे. आणि "पेशंटांची नावं पुसली" असा शिक्का बसल्यावर तिला दुसरं कुठलं हॉस्पिटल दारात उभं करणार आहे?

तर तू आता मला सांग, शहाणे. पुसलेली माणसं सातखाली दिसतात कशी? दोन धडधाकट माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. आणि तुझं सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही म्हणतेस. मग पोर की सॉफ्टवेअर, कोण खोटं?

आत्या


१५ मार्च

ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

सॉफ्टवेअर खोटं. ती मुलगी खरी.

तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला, की आता आत्या मला माझं काम शिकवणार. मग "सातखाली दिसली" हे डोक्यातून जाईना. म्हणून मी आमच्याकडे चाचणीसाठी असते त्या सिस्टीममध्ये खोटी मशीनं, खोटे पेशंट केले आणि तिने सांगितलं तसं अगदी तसंच केलं. एकेक उचलला, चारखालून सातखाली ठेवला, साठवा. सगळे सातखाली. मला वाटलं, बघ, चालतंय. मग पान बंद करून परत उघडलं. एकही नाही.

आता तुला नीट सांगते, कारण तुला लेखी हवं असतं. डेटाबेस म्हणजे तक्ते. एका तक्त्यात मशीनं, दुसऱ्यात पेशंट. प्रत्येक पेशंटच्या ओळीत एक रकाना असतो, याचं मशीन कोणतं. तुझ्या ओळीत तिथे चार होतं. एका मशीनला अनेक पेशंट, एका पेशंटला एकच मशीन. आम्ही याला 'एकाला अनेक' असं नातं म्हणतो. तुला हलवायचं म्हणजे खरं तर त्या रकान्यातलं चार खोडून सात लिहायचं. संपलं.

पण प्रोग्रॅम लिहिताना आम्ही तक्त्यांना थेट हात लावत नाही. आमच्याकडे प्रत्येक मशीनजवळ त्याच्या पेशंटांची एक यादी असते, आणि आमच्या याद्या व डेटाबेसचे तक्ते यांच्यामध्ये एक दुभाषी बसलेला असतो. ओआरएम म्हणतात त्याला. यादीत बदल झाला की तो तक्त्यात तसं लिहितो नाहीतर खोडतो. त्याला प्रत्येक नात्याबद्दल आधीच सांगून ठेवावं लागतं: या यादीतून कोणी निघालं तर काय करायचं? नुसतं नातं सोडायचं, की ती ओळच पुसायची?

काही ठिकाणी पुसणंच बरोबर असतं. तुझ्या नावाखाली तुझ्या रक्तदाबाच्या नोंदी असतात. एखादी चुकीची म्हणून काढली तर ती पुसलीच पाहिजे. तुझ्यापासून सुटलेला तुझा रक्तदाब कोणाच्या काय कामाचा? म्हणून त्या नात्याला 'निघालं की पुस' अशी सूचना आहे, आणि ती योग्य आहे. कोणीतरी ती सूचना तिथून जशीच्या तशी उचलून मशीन आणि पेशंट यांच्या नात्यालाही लावली. मग त्या मुलीने तुला चारच्या यादीतून काढून सातच्या यादीत ठेवलं. दुभाष्याने पाहिलं, चारमधून एक निघाली. हुकूम होता, निघालं की पुस. त्याने पुसलं. तू सातमध्ये जाऊन बसली आहेस याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आणि तिला तुम्ही सातखाली दिसलात, कारण स्क्रीन त्या घडीला आमच्या यादीतून दाखवत होती, तक्त्यातून नाही. लॉगमध्ये तिचं नाव आलं ते 'साठवा' तिने दाबलं म्हणून. पुसण्याचा हुकूम तिचा नव्हता. तिने 'काढा' दाबलंच नव्हतं. ते मी माझ्या मनाने लिहिलं होतं.

मशीनं आजवर कधी बदलली नव्हती, म्हणून हे आजवर कोणाला कळलं नाही. उद्या मी तात्यांशी बोलते. तात्या म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख. सगळ्यांना वडिलकीने सल्ले देतात म्हणून ते नाव पडलंय. माणूस चांगला आहे.

तुझी,
ठकू


१६ मार्च, खुर्चीवरून

चि. ठकू,

समजलं. सगळं नाही, पण राग येण्यापुरतं समजलं.

म्हणजे तुमच्या त्या दुभाष्याच्या लेखी मी मशीनची. मशीन आहे तोवर मी आहे, मशीन सुटलं की मी फेकून द्यायच्या लायकीची. माझा रक्तदाब माझ्याशिवाय कोणाच्या कामाचा नाही, हे कबूल. पण मी चार नंबरशिवाय कोणाच्याच कामाची नाही, हे कोणी ठरवलं? अगं, मी त्या मशीनच्या आधीपासून आहे. ते डबडं गेल्या वर्षी आलं. त्याचा पंप बिघडला तर त्याने त्याचं बघावं, मला कशाला बरोबर न्यायचं? सती जायची पद्धत बंद झाली म्हणतात.

मी ड्रायव्हरला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे गाडी बदलली की प्रवासी दरीत." शिवणवाल्या बाईला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, पोरीचं काय?

तेच मी विचारतेय. तुझं हे पत्र चांगलं आहे, पण ते मला लिहिलेलं आहे. आता मी तुझी पत्रं कोणाला दाखवत नसते, एकदा हात पोळलेत. तू सेंटरला लिही. कंपनीच्या कागदावर, सही करून: चूक आमची, पोरीची नाही. एवढी ओळ पुरे. बाकी दुभाषी आणि तक्ते त्या व्यवस्थापकाच्या डोक्यावरून जाणार आहेत.

चांगल्या माणसाशी बोललीस का?

आत्या


२२ मार्च

ती. आत्यास, साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं.

आनंदाची गोष्ट आधी. चूक दुरुस्त झाली. ती सूचना काढून टाकली, हलवताना रकाना बदलेल एवढंच ठेवलं, आणि नवं सॉफ्टवेअर तुमच्या सेंटरसकट सगळीकडे गेलंसुद्धा. आता कोणाला कुठूनही कुठे हलवलं तरी कोणी पुसलं जाणार नाही. मी स्वतः तपासलं.

पत्राचं जमलं नाही. तात्यांना मी सगळं दाखवलं. ती सूचना त्यांनीच तिथे लावली होती, आत्या. मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांच्या हातून. ते म्हणाले, चूक कळली, सुधारली, विषय संपला. आता कंपनीच्या कागदावर कबुली दिली तर उद्या प्रत्येक सेंटर वकील घेऊन दारात येईल. फार तर "तांत्रिक अडचण दूर केली आहे" असं सेंटरला कळवू. मी त्या मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, तो त्यांच्या सेंटरचा अंतर्गत मामला. आणि शेवटी म्हणाले, नशीब, कोणाला काही इजा झालेली नाही, एखादा दिवस पुढे ढकलला गेला इतकंच. झाकली मूठ झाकलेली राहू दे.

त्यांचं अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. इजा कोणाला झाली नाही, हे तर खरंच आहे. मी वरच्या साहेबांना परस्पर लिहिलं तर माझ्या नोकरीचं काय होईल सांगता येत नाही, आणि घराचे हप्ते तुला ठाऊक आहेत. थोडा धीर धर. मी काहीतरी वाट काढते. तोवर त्या मुलीला माझ्या ओळखीने दुसरीकडे कुठे लावता आलं तर बघू का?

तुझी,
ठकू


२३ मार्च, खुर्चीवरून

ठकू,

चि. लिहायलाही हात होत नाही.

इजा झाली नाही. बरं. मग ऐक, आणि बापाला तुझ्या सांगू नकोस, तो धावत येईल आणि मला त्याचीच काळजी करावी लागेल.

मला सर्दी झालेली नव्हती. तुम्ही मला परत पाठवलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय सुजून खांबासारखे झाले. त्याच्या पुढच्या दिवशी बोलावल्याप्रमाणे सेंटरला आले, व्यवस्थापकाला तुझं पत्र दाखवण्याचा गाढवपणा केला, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच दम लागला. चार शब्द एका श्वासात येईनात. शेजारीण बरोबर होती म्हणून बरं, तिने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. फुप्फुसात पाणी चढलं होतं. नाकाला नळी लावून पाच-सहा दिवस तिथे पडून होते. ज्या माणसाचं पाणी मशीन काढतं, त्याचा दिवस पुढे ढकलायचा नसतो, ठकू. तो केस कापायचा दिवस नसतो. हे मी पहिल्याच पत्रात तुला सांगितलं होतं, तू हसली असशील.

मी लपवलं का? त्या पोरीसाठी. मला वाटलं, पेशंट हॉस्पिटलात गेली हे बाहेर आलं तर तिच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळतील. शेजारणीलाही शपथ घातली. मी पोरीला वाचवायला तोंड मिटलं, आणि माझ्या मिटल्या तोंडाचा फायदा कोणी घेतला? तुझ्या तात्यांनी. इजा नाही म्हणे. इजेच्या नाकातली नळी परवा-परवा काढली आहे, येऊन बघा म्हणावं.

आणि "दुसरीकडे कुठे लावता आलं तर" हे काय लिहिलंस? वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला दुसरी नोकरी नको आहे, तिला तिची नोकरी हवी आहे. तिने चोरी केली नाही की तिला मागच्या दाराने बाहेर काढून दुसऱ्याच्या मागच्या दाराने आत घ्यावं. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, आणि वर संन्याशाला म्हणताय, थांब, तुला दुसरं गाव बघून देतो.

सॉफ्टवेअर सुधारलंस. छान. आता तुमच्या तक्त्यात कोणी पुसलं जाणार नाही. पण एक माणूस आधीच पुसलं गेलंय, ते कोणत्या जुन्या प्रतीतून परत भरणार आहेस? आम्हाला परत भरायला तुला एक दिवस लागला. तिचा महिना संपत आलाय.

मला तुझ्या हप्त्यांची कल्पना आहे. तुझ्या बापाच्या शिक्षणाचे हप्ते मी त्या खिडकीत बसून भरले, मला हप्ते काय असतात ते शिकवू नकोस. पण खिडकीत बसणाऱ्याचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. बस डेपोतून सुटायची उशिरा, टायर फुटायचा घाटात, आणि थुंकी उडायची माझ्या जाळीवर. कोणी म्हणून कधी डेपो मॅनेजरला जाऊन शिवी दिली नाही. तो दिसतच नव्हता. दिसायची मी.

तुझे तात्याही दिसत नाहीत. ती पोर दिसते.

आता लिहायचं तर लिही. नाही तर मला लिहू नकोस.

आत्या


२५ मार्च

आत्या,

आधी तुझ्यावर इतकी चिडले की सांगत नाही. नाकात नळी घालून पडलीस आणि मला "सर्दी" लिहितेस? मी इथे तुझ्या नोंदी जुन्या प्रतीतून परत भरल्या म्हणून पाठ थोपटून घेत होते.

तुझं पत्र घेऊन तात्यांकडे गेले. "इजा झाली नाही" हे त्यांचं वाक्य त्यांना परत वाचून दाखवलं आणि त्याखाली तुझं वाचलं. ते म्हणाले, "ही तुझी आत्या आहे, म्हणून तुला असं वाटतंय." मी म्हटलं, हो, आणि तुमची कोणी असती तर तुम्हाला वाटलं असतं, म्हणूनच नातं नसलेल्याच्या वेळी जास्त विचार करायचा असतो. ते म्हणाले, कर तुला काय करायचं ते. मी केलं. वरच्या साहेबांना सगळं लिहिलं, चाचणी करून दाखवली, आणि खाली उतरवलेलं पत्र सहीसाठी पुढे ठेवलं. त्यांनी दोन दिवस मागितले. मी म्हटलं, महिना संपतोय, दोन दिवस नाहीत. त्यांना वकिलाची भीती होतीच, पण लपवल्याचं नंतर बाहेर आलं तर वकील जास्त येतील, हे त्यांना तात्यांपेक्षा लवकर कळलं. सही झाली.

हे पत्र मी व्यवस्थापकाला थेट पाठवलंय. तुला प्रत देते, आणि ही मात्र कोणालाही खुशाल दाखव:

"आपल्या केंद्रातील चार क्रमांकाच्या मशीनवरील रुग्णांची नावे दि. ३ मार्च रोजी नाहीशी झाली, ती आमच्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे. काउंटरवरील कर्मचारी बाईंनी रुग्णांना सात क्रमांकावर योग्य पद्धतीने हलवले होते. त्यांनी एकही नाव पुसले नाही. याआधी माझ्या खासगी पत्रात त्यांच्याबद्दल जे लिहिले गेले, ते चौकशी न करता लिहिलेले आणि चुकीचे होते. त्या आधारावर त्यांच्यावर केलेली कारवाई मागे घ्यावी."

खाली साहेबांची सही आहे, त्याखाली माझी.

तात्या आता माझ्याशी बोलत नाहीत. आजपासून मला त्यांच्या टीममधून काढून दुसऱ्या टीममध्ये टाकलंय, खालच्या मजल्यावर, जिन्यापाशी. काम जरा रटाळ आहे. पण हलवलं, पुसलं नाही. हप्ते चालू राहतील.

आता तू मला लिहिशील ना?

ठकू


२८ मार्च, सात नंबरच्या खुर्चीवरून

चि. ठकू,

इथून काचेतून काउंटर दिसतं. पोर बसली आहे. आज सकाळी आले तेव्हा तिने मान हलवली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आजी, सात नंबर." मी म्हटलं, नक्की ना? तर मेली हसली.

पण ते इतकं सरळ झालं नाही, म्हणून सांगते. काल तुझं पत्र त्याच्याकडे आलेलं असणार हे मला माहीत होतं. त्याने काय केलं? घडी करून खिशात घातलं, पोरीला फोन केला, "ये उद्यापासून," आणि झालं. आज ती येऊन गुपचूप जागेवर बसली. कोणाला काही सांगितलं नाही. बसलेल्या सगळ्यांना अजून वाटतंय की हिने नावं पुसली होती आणि मेहेरबानीने हिला परत घेतलं. एक बाई तर तिला म्हणालीसुद्धा, "आता जपून हं."

मी सुई टोचून घेण्याआधी उठले आणि त्याच्या टेबलाशी गेले. म्हटलं, माझ्या भाचीचं पहिलं पत्र तुम्ही इथे उभं राहून मोठ्याने वाचलंत. दुसरं खिशात का? म्हणाला, "आजी, झालं गेलं, गंगेला मिळालं. बसा, उशीर होतोय." मी म्हटलं, मला उशीर झाला तर काय होतं ते मला ठाऊक आहे, तरी मी उभी आहे. ड्रायव्हर उठून माझ्याशेजारी आला. मग शिवणवाली बाई आली. आम्ही तिघं तिथे नुसती दिसत होतो.

त्याने खिशातून काढलं. घसा खाकरला. वाचलं. हळू वाचायला लागला तर ड्रायव्हर म्हणाला, मागे ऐकू येत नाही. मग मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत, तुझ्या सहीसकट. "त्यांनी एकही नाव पुसले नाही" इथे थोडा अडखळला. पोर कीबोर्डकडे बघत होती, मान वर केली नाही तिने. वाचून झाल्यावर तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "चूक तुमची नव्हती." अहो-जाहो केलं तिला, पहिल्यांदा.

मी येऊन खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. नर्स घाबरली, तिला वाटलं सुई दुखली. मी म्हटलं, नाही ग, राग आलाय. तेवढंच सांगता आलं.

अगं, इतकी वर्षं त्या खिडकीत बसले. बसेस आल्या, माणसं आपापल्या गावाला गेली, ज्यांनी जाळीवर हात आपटले तीही पोचली असतील. पण एकही माणूस कधी खिडकीशी परत येऊन म्हणाला नाही की बाई, चूक तुमची नव्हती. आज ते ऐकलं. खिडकी माझी नव्हती, पण चालेल.

अनेक आशीर्वाद. आज भरपूर उरलेत.

आत्या